हेळव्याच्या दोन कॅसेटी सुरक्षित ठेवण्याबाबत

कुंडल, जि. सांगली
दि. ३ सप्टेंबर १९९९

श्री. भाऊसो गुंडा निकम यांस,
मु. सातारा.

मी, जोतिबा गुंडा निकम, वय वर्षे त्र्याहत्तर, शिक्षण मराठी चौथी पास, पूर्वी मराठा पलटणीत हवालदार, सध्या धंदा शेती, राहणार कुंडल, पूर्ण शुद्धीवर राहून लिहून देतो की, आपण माझे सख्खे धाकटे बंधू असून, आईच्या तेराव्यापासून, म्हणजे गेली अकरा वर्षे, आपला व माझा पत्रव्यवहार बंद आहे. तो मी बंद केलेला नाही. परंतु त्या विषयात आज शिरण्याचे प्रयोजन नाही. गावातील पंचनाम्यांवर पंच म्हणून मी आजवर इतक्या सह्या केल्या आहेत की, मुद्दा सोडून लिहिणे मला शोभत नाही. म्हणून मुद्द्यावर येतो.

अथणीकडचा निंगाप्पा हेळवी आपणास आठवत असेल. चार-पाच वर्षांतून एकदा बैलावर पोथ्या लादून तो यायचा आणि आपल्या घराण्याची वंशावळ मूळ पुरुषापासून म्हणून दाखवायचा. सन १९८४ साली तो शेवटचा आला, तेव्हा कँटीनमधून घेतलेला नवा टेपरेकॉर्डर सोप्यात मांडून मी त्याचे म्हणणे दोन कॅसेटींत भरून घेतले. पहिल्या कॅसेटीत मूळ पुरुषापासून आजोबांपर्यंतचे पूर्वज आहेत. दुसरीत वडिलांपासून पुढील मजकूर असून, त्यात निंगाप्पा घरातील जन्म-मृत्यू विचारतो व आई उत्तरे देते. पहिली माझ्याकडे आहे. दुसरी आपण तेराव्याच्या दिवशी सदऱ्याच्या खिशात घालून साताऱ्यास नेली. घराण्याच्या वस्तू थोरल्याच्या घरी राहाव्यात, असे माझे तेव्हा म्हणणे होते. त्यात बदल नाही.

आता घडलेला प्रकार. गेल्या महिन्यात मी पहिली कॅसेट लावली असता यंत्राने ती चावली. फीत शेवयांसारखी बाहेर आली. शेजारघरचा सयाजी जवळ बसला होता. त्याचे बोलणे जसेच्या तसे नमूद करतो: "आरं गड्या, मशीननं तुजं आख्खं खानदान गिळलं की रं!" मी त्याच्याशी दुपारपर्यंत बोललो नाही. परंतु त्यानेच सांगितले की, सांगलीस विश्रामबागेत सौ. अश्लेषा लिमये या बाई संगणकाचे केंद्र चालवितात व त्यांनी त्याच्या मुलाच्या लग्नाची कॅसेट दुरुस्त करून दिली होती. आम्ही दुसऱ्याच दिवशी एसटीने गेलो.

बाईंनी पेन्सिल घालून फीत गुंडाळली, तुटली तेथे चिकटवली. दोन पूर्वज त्या जोडात कायमचे चेपले गेले, त्यास इलाज नाही. मग त्यांनी एक वायर टेपरेकॉर्डरला व तीच संगणकाला लावली आणि थोड्या वेळाने, भाऊसो, त्या संगणकाच्या दोन डब्यांतून निंगाप्पा बोलू लागला! त्याच्या बैलाच्या घंटेसह! मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. तेथील मंडळी माझ्याकडे पाहू लागली, तरी मी बसलो नाही.

मी विचारले, "बाई, आता हे सुरक्षित आहे ना?"

"नाही हो आजोबा," त्या म्हणाल्या. "हा कॉम्प्युटर बिघडला की तुमचे पूर्वज परत गेले. एक प्रत दुसरीकडे ठेवायला हवी."

"फ्लॉपीत घाला."

"एका फ्लॉपीत एवढं मावतंय कुठलं! पण आता इंटरनेटवर काही कंपन्या जागा द्यायला लागल्यात. त्यांची मोठाली यंत्रं अमेरिकेत असतात. आपण टेलिफोनच्या तारेतून इथून पाठवायचं, ते तिथं सांभाळतात. पाहिजे तेव्हा, पाहिजे त्या गावाहून काढून घ्यायचं."

सयाजीला काहीही समजले नाही. मला मात्र विजेसारखे लख्ख समजले. मी म्हणालो, "बाई, म्हणजे हा हेळवीच झाला!" आपल्या घराण्याची नोंद आपल्या घरी कधी नव्हतीच. ती लांब, परक्या मुलखात, परक्या माणसाच्या पोथीत असे. आपल्या घराला आग लागो, पूर येवो, भावकी भांडो, नोंदीला धक्का नाही. वाडवडील शहाणे होते. बाई हसल्या व म्हणाल्या, इतक्या लवकर हे कोणाला पटवून देता आले नव्हते. मला अभिमान वाटला, तो मी लपवीत नाही.

आता आपल्या संबंधातील भाग. तेथे ठेवलेला आवाज ना कुंडलात राहील, ना साताऱ्यात. आणि ऐकता मात्र कुंडलकराला येईल व सातारकरालाही. तेराव्याच्या दिवशी सोप्यात बसलेल्या वीस माणसांपैकी कोणालाही हा तोडगा सुचणे शक्य नव्हते, कारण तो तेव्हा जगात अस्तित्वातच नव्हता.

सबब, दुसरी कॅसेट सौ. लिमये यांच्या केंद्रावर आणून द्यावी. पत्ता व फोन सोबत लिहिला आहे. वंशावळ पूर्ण असावी, एवढाच हेतू आहे. अन्य हेतू नाही.

आपला,
जोतिबा गुंडा निकम


कुंडल
दि. २४ सप्टेंबर १९९९

श्री. भाऊसो यांस,

आपले कार्ड पावले. त्यावर "कॅसेट कुठं राहणार?" एवढेच तीन शब्द आहेत. आपण सातारा डेपोत कंट्रोलर होता हे मला ठाऊक आहे. परंतु भावाला लिहिताना गाडी सुटण्याची सूचना दिल्यासारखे लिहिण्याची गरज नव्हती. असो. उत्तर देतो: कॅसेट तुमच्याच खिशात राहील. मला फक्त आतील आवाज हवा आहे.

मधल्या काळात मी कंपन्यांची चौकशी पूर्ण केली. त्यासाठी सांगलीस तीन खेपा झाल्या, परंतु थकवा असा जाणवला नाही. उलट परवा सयाजी म्हणाला, "जोतिबा, तू नवरीच्या घरला निगाल्यावानी धोतर नेसतूयास सांगलीला जाताना." तो काहीही बोलतो.

अश्लेषाबाईंनी पडद्यावर तीन कंपन्या दाखविल्या. पहिली सर्वांत जास्त जागा देते व काहीच मागत नाही. मी म्हणालो, "बाई, निंगाप्पाला आपण शेर-पायली धान्य द्यायचो, लुगडं-धोतर द्यायचो, एकदा वासरू दिलं. म्हणून त्याच्यावर आपला हक्क होता. जो फुकट सांभाळतो, त्याला कोणत्या तोंडाने जाब विचारायचा?" त्या म्हणाल्या, कंपनी मधूनमधून जाहिराती दाखवून आपला खर्च भागवते. दुसरी कंपनी वर्षाला पैसे घेते, परंतु ते अमेरिकेतील बँकेच्या कार्डानेच. मी मनीऑर्डरीची तयारी दाखविली. ती चालत नाही.

तेव्हा मी आग्रह धरला की, प्रत्येक कंपनीच्या अटी मला वाचून दाखवाव्यात. बाई म्हणाल्या, "आजोबा, त्या कुणीच वाचत नाही. सगळे खाली 'मान्य आहे' दाबतात." मी सांगितले की, वाचून दाखविल्याशिवाय मी आजवर कोणत्याही कागदावर सही केलेली नाही व येथून पुढे करणार नाही. बाई बिचाऱ्या इंग्रजी वाचून मराठीत सांगत राहिल्या. मागे दोन गिऱ्हाइके तिष्ठत होती. त्यातला एकजण म्हणाला, "आजोबा, लग्नाची यादी करताय का?" मी म्हणालो, "होय. स्थळ लांबचे आहे."

त्या वाचनाचा फायदा झाला. पहिल्या कंपनीने लिहिले आहे की, ती कोणत्याही दिवशी, न कळविता, काम बंद करू शकते. ज्याला निरोप न देता जायचे आहे त्याच्या घरी आपण पूर्वज ठेवायचे? तिसऱ्या कंपनीची जागा कमी, परंतु आपल्या दोन कॅसेटींना पुरून उरेल. आणि तिने लिहिले आहे की, बंद करण्यापूर्वी एक महिना आधी नोटीस देऊ. नोटीस देणारा माणूस सभ्य असतो. मी तिसरी कंपनी निवडली. बाईंनी बटण दाबण्याचा मान मला दिला. मी ते दोनदा दाबले, ते खात्रीसाठी.

या कंपनीची एक अट मात्र आहे. तीन महिन्यांत जर कोणी कुलूप उघडून आत डोकावले नाही, तर ठेवलेली वस्तू बेवारस समजून ती पुसून टाकते. निंगाप्पा आपल्याकडे यायचा. येथे आपण जायचे. मला ही अट रास्त वाटते. जो आपल्या माणसांची तीन महिने विचारपूस करीत नाही, त्याला माणसे कशाला?

हे वाक्य कंपनीच्या संदर्भात आहे.

कळावे,
जोतिबा


कुंडल
दि. ११ ऑक्टोबर १९९९

चि. भाऊसो यास,

दुसरे कार्ड पावले. "किल्ली कुणाकडं?" प्रश्न योग्य आहे. मीही तुमच्या जागी असतो तर हेच विचारले असते.

या कुलपाला परवलीचा शब्द लागतो. रात्रीच्या पहाऱ्यावर तो न सांगणाऱ्यावर मी बंदूक रोखलेली असल्याने मला तो समजावून द्यावा लागला नाही. मी अशी योजना केली आहे: शब्दाचा पूर्वार्ध माझा, तो तुम्हांस ठाऊक नसावा, उत्तरार्ध तुमचा, तो मला ठाऊक नसावा. दोघे समोर असल्याखेरीज कुलूप उघडणार नाही. कोणीही एकट्याने काही काढून नेऊ शकणार नाही. न्याय समान.

अश्लेषाबाई चपापल्या. "आजोबा, म्हणजे दर तीन महिन्यांनी तुम्ही दोघांनी एकत्र यायचं?"

मी म्हणालो, "ती कंपनीची अट आहे बाई, माझी नव्हे."

"आणि उद्या तुमच्यापैकी कुणाला... म्हणजे देव न करो..."

सयाजी मध्येच बोलला, "मेलं म्हना की वैनी! ह्यो मेला की अर्धं कुलूप संगं घिऊन जाईल सरणावर. मग बसा पूर्वजांच्या नावानं बोंबलत!" सगळे केंद्र हसले. मी त्याला सांगितले की, मी इतक्यात मरणार नाही, कारण काम अपुरे आहे.

माझा पूर्वार्ध मी घालून आलो आहे. सध्या तेवढ्याच शब्दावर कुलूप आहे. पहिली कॅसेट वर चढविली. टेलिफोनची तार मध्येच तुटते, मग पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या वेळेस पडद्यावरची निळी पट्टी शेवटपर्यंत भरली आणि बाईंनी टाळी वाजविली. मी निवृत्तीच्या दिवशीही इतका ताठ उभा राहिलो नसेन! निंगाप्पा अमेरिकेत पोचला, भाऊसो! बैलासकट!

आता फक्त तुमचा अर्धा भाग व तुमची कॅसेट. वंशावळ पूर्ण असावी एवढाच हेतू.

जोतिबा


कुंडल
दि. २२ ऑक्टोबर १९९९

चि. भाऊसो यास जोतिबाचा आशीर्वाद.

तिसरे कार्ड काल पावले. "थोरल्याचं अर्धं आधी, व्हय?"

ते वाचून मी कार्ड सोप्यातल्या पाटावर टाकले व मळ्यात गेलो. उसाला पाणी सुरू होते. बांधावर उभा राहून मी तुला द्यायची उत्तरे मनात जुळविली. ती चांगली होती. त्यातील एकही लिहीत नाही.

पाणी बंद करून परत आलो व पहिली कॅसेट पुन्हा लावली. तिच्यात सर्व पुरुष आहेत. अमक्याचा तमका, तमक्याचा फलाणा, त्याला तीन लेक, एक निपुत्रिक वारला, एक लढाईत पडला. निंगाप्पाचा गळा छान आहे. परंतु ते सर्व मला तोंडपाठ आहे. मी चौथीत होतो तेव्हापासून आहे. वंशावळ पूर्ण करण्यासाठी मला कोणत्याही कॅसेटीची गरज नाही.

दुसऱ्या कॅसेटीत आई बोलते.

मी पलटणीत असताना ती मला पत्रे सांगायची आणि तू लिहायचास. ती काय सांगायची व तू काय गाळायचास, हे मला शेवटपर्यंत समजले नाही. तिचा आवाज कसा होता, हे मी सयाजीला परवा सांगू गेलो, तर मला सांगता येईना. उंच होता की घोगरा? मला ते आठवेना, भाऊसो. हे मी कोणासमोर कबूल केलेले नाही व करणार नाही.

म्हणून लिहून देतो की: पूर्वार्ध-उत्तरार्धाची योजना मी रद्द करतो. तुझा अर्धा भाग नको. कुलपाचा संपूर्ण परवलीचा शब्द म्हणजे माझा पलटणीतील नंबर. तो मी येथे लिहिणार नाही, कारण लिहिण्याची गरज नाही. तू लहानपणी पाकिटावर माझ्या नावाआधी, "केअर ऑफ ५६ ए.पी.ओ."च्या वर, तो इतक्या वेळा लिहिला आहेस की झोपेतून उठवून विचारला तरी सांगशील. म्हणजे किल्ली तुझ्याकडेच आहे. साताऱ्यात संगणकाचे एखादे केंद्र असेलच. तेथे जाऊन तू एकट्याने कुलूप उघडू शकतोस, कॅसेट चढवू शकतोस, वाटल्यास शब्द बदलून मला बाहेर ठेवू शकतोस. तुला तो अधिकार आहे. थोरल्याने दिला आहे.

एवढे मात्र कर की चढव. फीत पंधरा वर्षांची झाली आहे. यंत्रे आता चावू लागली आहेत.

तुझा,
आण्णा


सांगली
रविवार, दि. ३१ ऑक्टोबर १९९९

चि. भाऊसो यास,

तू या क्षणी माझ्या शेजारच्या लोखंडी खुर्चीवर बसून चहा पीत आहेस, तरीही लिहितो. निळी पट्टी भरेपर्यंत हातांना दुसरे काम नाही, आणि घडलेले त्याच दिवशी कागदावर आलेले बरे असते.

काल सयाजीच्या फोनवर तुझा निरोप आला: "उद्या धाची गाडी. सांगली." आम्ही नऊलाच येऊन बसलो. तू आत आलास, चप्पल बाहेर काढलीस, माझ्याकडे पाहिलेस आणि अकरा वर्षांनंतरचे पहिले वाक्य बोललास:

"आण्णा, वाळलास की रं लय."

मी म्हणालो, "तुझे केस कोठे गेले?"

"डेपोत ठिवून आलो."

सयाजीने मांडीवर थाप मारली. "घ्या! दोगं बी बोलाय लागलं. चला वैनी, मशीन सुरू करा, ह्यांचं पुन्यांदा बिनसायच्या आत!"

तू सदऱ्याच्या खिशातून कॅसेट काढलीस. ती रुमालात गुंडाळलेली होती. अश्लेषाबाईंनी फीत तपासली, दोन्ही हातांनी यंत्रात ठेवली. आधी खरखर. मग निंगाप्पा. मग वडिलांचे नाव. मग निंगाप्पाने आपल्या कानडी वळणाने आईला विचारले, "यव्वा, लेकं किती?"

आणि आई बोलली.

घोगरा. घोगरा होता, भाऊसो! थोडा घोगरा व शेवटाला वर जाणारा. कसा विसरलो होतो मी!

"दोन. थोरला जोतिबा, मिलट्रीत हुता. धाकला भाऊसो, यष्टीत."

"दोन लेक, दोन फांद्या काडतो, यव्वा."

"काड की. पर जवळजवळ काड. तुजा कागुद लय मोठा हाय, पोरं लांब जात्याल."

मी तुझ्याकडे पाहिले नाही. तूही पाहिले नाहीस. अश्लेषाबाईंनी पदर डोळ्यांना लावला, तेव्हा सयाजी त्यांना म्हणाला, "आवं, तुमी कशाला? तुमची फांदी कुटं हाय ह्यात?"

त्यानंतर नातवंडांची नावे, खालच्या मळ्यातील विहीर, मेलेली एक गाय. आणि मग एकाएकी, अगदी जवळून, यंत्रावर वाकल्यासारखा तिचा आवाज:

"आरं जोतिबा, बंद कर की ते मशीन, सेल संपत्याल!"

खट्. कॅसेट तेथे संपली.

तू वळून म्हणालास, "आनि दोन मिन्टं चालू ठिवलं असतंस तर काय झालं असतं?"

"आईचा हुकूम होता," मी म्हणालो.

"सैन्यातनं सुटून सोळा वर्सं झालीवती तवा तुला."

"हुकूम हा हुकूम असतो."

तू हसलास. पूर्वी तुझे हसणे मी सोप्यात बसून ऐकायचो, तसाच हसलास. मग आपण दोघांनी बाईंना सांगितले की, पुन्हा लावा. त्यांनी लावली. पुन्हा लावली. चौथ्या वेळेस सयाजी जेवायला निघून गेला.

वर चढविताना पट्टी अर्ध्यावर असताना आतून बाईंच्या सासूबाईंनी भाजीवाल्याला फोन करण्यासाठी रिसीव्हर उचलला व तार तुटली. पुन्हा आरंभ. त्या वेळी तू बाईंना जे विचारलेस, ते येथे नोंदवितो, कारण त्यासाठीच हा कागद आहे.

"वैनी, त्यो परवलीचा शब्द बदलता येतो का?"

अधिकार मी लेखी दिला होता.

"येतो की," बाई म्हणाल्या.

"मग आण्णाचा नंबर तसाच ऱ्हाऊ द्या. त्याच्या म्होरं मी काय तरी घालतो. तुमी दोगं बी तिकडं बघा."

आम्ही तिकडे पाहिले. तू एका बोटाने, शोधून शोधून, बराच वेळ टकटक करीत होतास. पडद्यावर ठिपके उमटले असावेत. मग म्हणालास, "झालं."

अश्लेषाबाई म्हणाल्या, "अहो काका, पण आता पुन्हा दोघांशिवाय उघडणार नाही! आणि तुमच्यापैकी एक जण..."

"मेला तर मेला," तू म्हणालास. "कॅसेटी हायत्याच. तवर तीन म्हैन्याला कोन येतंय आनि कोन न्हाई, ते तरी समजंल."

माझा नंबर तुला पाठ आहे, म्हणजे खरे तर तुला एकट्यालाही उघडता येते; ते बाईंच्या ध्यानात आले नाही. तू घातलेला भाग काय आहे, ते तू मला सांगितले नाहीस. मी विचारले नाही. विचारणारही नाही. पुढील तारीख बाईंच्या भिंतीवरील नव्या सालच्या कॅलेंडरवर तू स्वतः पेन्सिलीने गोल करून ठेवली आहेस: जानेवारीचा शेवटचा रविवार. हुरडा तेव्हा चांगला असतो. आधी कुंडलास उतरावे, एकत्र निघू.

पट्टी आता शेवटास आली आहे. बाई म्हणत आहेत, "आला, आला, आला..."

पोचला.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला असून वाचून दाखविला आहे. तो खालील इसमांच्या समक्ष घडला:

१. सयाजी, माझा शेजारी, राहणार कुंडल. मधला काही वेळ जेवणास गेल्यामुळे गैरहजर.

२. सौ. अश्लेषा लिमये, केंद्रचालक, राहणार सांगली.

३. भाऊसो गुंडा निकम, वय वर्षे एकसष्ट, सख्खा भाऊ, राहणार सातारा व कुंडल.